हेवॉनच्या दाराबाहेरची आई

मंडळी, ऐका! टाळ जरा खाली ठेवा. आज देवाला काही विचारायचं नाही, तुम्हालाच विचारायचंय. सांगा — मायेनं लेकराला इजा होते का?

काय म्हणता काशीदकाकू? होत नाही? अगदी ठाम? मागून कोण बोललं, "लाडानं बिघडतं"? अहो, लाडाचं कुठं विचारलं मी! लाड वेगळा. मी मायेचं विचारतोय. पोरगं नुसतं शिंकलं तरी जी माया हळदीचं दूध घेऊन धावते, ती माया! त्या मायेनं लेकरू आजारी पडतं का? नाही म्हणता ना? मीही नाहीच म्हणत होतो. मग साळुंख्यांची अश्विनी कोरियाहून सुट्टीला आली. तिकडे शिकायला गेलीय ना ती! तिनं तिच्या घरमालकिणीची हकीकत सांगितली, आणि माझं "नाही" मी परत घेतलं.

कोरिया! लांबचा देश. तिथली माणसं भात खातात, तिखट खातात, वडीलधाऱ्यांपुढं वाकतात, आणि पोरांच्या मार्कांपायी स्वतःची झोप उडवून घेतात. म्हणजे परकी नाहीत, मंडळी, आपलीच म्हणा! नावं तेवढी जिभेला जड. आईचं, म्हणजे त्या घरमालकिणीचं, नाव इन्सुक. मुलीचं हेवॉन. म्हणा बघू — हेवॉन! चुकलं तरी चालेल, तिकडचं कुणी इथं ऐकायला बसलेलं नाही.

आता ही इन्सुकबाई वाईट होती का? मुळीच नाही! एकुलती एक लेक. लेक झाली आणि बाईनं कापडगिरणीच्या हपिसातली चांगली नोकरी सोडली. का? तर पोरीकडं बघायला! आणि काय बघितलं हो! पोरीनं केस किती ठेवायचे — आई ठरवणार. कुठल्या मैत्रिणीशी बोलायचं — आई ठरवणार. पोरीला चित्रं काढायची हौस. "चित्रं नंतर," आई म्हणाली, "आधी कॉलेज." हेवॉननं रंग कपाटात ठेवले. उलट बोलायची नाही हो पोरगी! शहाणी! सगळ्या शेजारणी म्हणायच्या, "पोर असावं तर असं."

बाप? बाप होता की! सकाळी जायचा, रात्री यायचा. हसू नका, पुरुष मंडळी. ओळखीचा वाटला म्हणून हसताय!

तिकडची कॉलेजात प्रवेशाची परीक्षा म्हणजे काय सांगू! पोरांना ऐकून उत्तरं लिहायची असतात, त्या वेळी विमानंसुद्धा उडू देत नाहीत. आकाश गप्प करतात, मंडळी! आणि आया दिवसभर देवळात बसून राहतात. आता तिकडं एक चाल आहे. वाढदिवसाला समुद्राच्या शेवाळाचं सूप करायचं. बाळंतिणीला तेच देतात. म्हणून दर वाढदिवशी ते प्यायचं, आईनं जन्म दिला त्याची आठवण म्हणून. किती गोड चाल! पण ते शेवाळ असतं बुळबुळीत. परीक्षेच्या आधी प्यालं तर पोर मार्कांत घसरतं म्हणे! आणि हेवॉनचा वाढदिवस नेमका परीक्षेच्या आठवड्यात.

इन्सुकबाईनं सूप बंद केलं. पोर म्हणाली, "आई, एक वाटी कर ना." आई म्हणाली, "वाढदिवस दरवर्षी येतो. परीक्षा एकदाच." पण परीक्षा एकदा कुठली! पहिल्या खेपेला मार्क कमी पडले, पुढच्या वर्षी परत बसवली. मग नोकरीची परीक्षा. मग मुलाखती. दर वर्षी काही ना काही घसरायचं भय होतंच, आणि वाढदिवस कोरडाच गेला. कुणासाठी केलं हे सगळं? पोरीसाठीच ना? मग दोष कुणाचा काढाल?

लागली बाबा एकदाची नोकरी. लिफ्टा बनवणाऱ्या एका कंपनीत. हेवॉन सत्तावीस वर्षांची. एक दिवस साहेब रागावला. कामात चूक झाली होती, साहेब ओरडला. नोकरीत कुणाला ओरडा बसत नाही? घरी येऊन पोर जराशी रडली. आईनं डोळे पुसले, पाठीवरून हात फिरवला. तिथं थांबायचं ना! नाही थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं थेट साहेबाला फोन लावला. "माझी हेवॉन हळवी आहे. तिच्याशी जरा सांभाळून बोलत जा."

केवढं चांगलं वाटलं तिला फोन ठेवल्यावर! लेकीच्या वाटेतला काटा काढला असं वाटलं. आणि तिकडं काय झालं? साहेबानं सगळ्यांना बसवलं, काम वाटून दिलं, आणि हेवॉनकडं वळून म्हणाला, "हे तुमच्या आईला चालेल ना? विचारून घ्या!"

सगळे हसले. हेवॉनही हसली. दिवसभर काम केलं. संध्याकाळी घरी आली, चपला नीट लावल्या, आपल्या खोलीत गेली आणि आतून दार लावून घेतलं.

वर्ष उलटलं, मंडळी. ते दार आईसमोर उघडलं नाही.

सगळे झोपले की बाहेर यायची म्हणे, तोंड धुवायची, परत आत. अश्विनी त्याच घरात वरच्या मजल्यावर राहते. तिनं हेवॉनला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, हे सगळं पुढं इन्सुकबाईनंच तिला सांगितलं! शेजाऱ्यांना काय सांगायचं? इन्सुकबाई म्हणायची, "परदेशी शिकायला गेलीय." आणि घरात आल्यावर ताट घेऊन त्याच दारासमोर उभी राहायची. टकटक! "हेवॉन, जेवलीस का? झोप लागली का? खिडकी उघडलीस का? बाळा, बरं वाटतंय ना?" आतून चकार शब्द नाही. परत टकटक. "नुसतं हो म्हण." नाही. दाराला कान लावायची. आत श्वाससुद्धा ऐकू यायचा नाही. पोर आहे ना आत? जिवंत आहे ना? बायांनो, त्या आईचे हाल तुम्हाला सांगायला नकोत. एकच ध्यास — ही माझी पोर या खोलीतून बाहेर येईल का?

तिकडं अशी पोरं पुष्कळ आहेत म्हणे. धडधाकट, शिकलेली, आणि दारं लावून बसलेली. मग कुणीतरी एक जागा काढली. पोरांसाठी नाही, आईबापांसाठी! लहान लहान खोल्या. आईबापांनीच आत जायचं, दार लावून घ्यायचं. फोन नाही, टीव्ही नाही. दाराला खाली एक झडप, त्यातून जेवण आत येणार. तुमचं पोर कसं जगतंय ते बघा म्हणे! आपल्याकडं असं काही काढलं तर? पहिल्या तासात दार तोडतील! कुकर लावायचा राहिला म्हणतील!

इन्सुकबाई गेली. पोरीसाठी ती विस्तवावरून चालली असती, हे काय!

पहिल्या दिवशी झडप वाजली. बाहेर तिथली जेवण आणणारी बाई होती, फार गोड आवाजाची. तिनं विचारलं, "तुम्हाला जेवायला काय आवडतं?" इन्सुकबाई पटकन म्हणाली, "माझ्या मुलीला फार तिखट चालत नाही."

ऐकलंत? विचारलं कुणाबद्दल, सांगितलं कुणाबद्दल! बाईला स्वतःला ते कळलंसुद्धा नाही.

दिवस जाऊ लागले. आधी ती रडली, मग कंटाळली, मग झोपली. पोर झाल्यापासून अशी झोपली नव्हती हो! शांत वाटायला लागलं. कुणी काही विचारत नव्हतं, कुणाला काही सांगायचं नव्हतं. आणि एका दुपारी दारावर टकटक झाली. "इन्सुकबाई, पेज ठेवलीय, गरम आहे तोवर घ्या. जेवलात ना सकाळी? झोप झाली का? बरं वाटतंय ना?"

बाई चांगली. बोलणं चांगलं. पेजही गरम. तरी इन्सुकबाईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला वाटलं, जा गं बाई! जा इथून! परत टकटक झाली. "नुसतं हो म्हणा." इन्सुकबाईनं पांघरूण डोक्यावर ओढलं. श्वास रोखला. बाहेरच्या बाईला आपण आत नाहीच असं वाटावं म्हणून! पावलं दूर जाईपर्यंत ती तशीच पडून राहिली.

आणि मग, माझ्या मायांनो, तिला कळलं. दाराबाहेर कोण उभं असतं ते कळलं! पांघरुणात तोंड खुपसून ती बाई ओक्साबोक्शी रडली. "पोरी, जगाला भिऊन दार लावलंस असं मला वाटलं होतं गं. तू मला भिऊन लावलंस!"

घरी आली. टकटक बंद. ताट दाराशी ठेवायची आणि निघून जायची. नवऱ्यानं विचारलं, "का गं, हाक नाही मारत?" ती म्हणाली, "पुष्कळ मारल्या." सोपं होतं का ते? हाक ओठांवर यायची, ती गिळायची. जेवण तसंच परत आलं की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायची. पण दाराशी गेली नाही.

आणि एक दिवस भर दुपारी दार उघडलं!

टाळ्या नका वाजवू. ऐका. हेवॉन दारात उभी. केस कंबरेपर्यंत, चेहरा पांढराफटक, उजेडानं डोळे मिचकावतेय. आईकडं बघून म्हणाली, "आई, हाक का मारत नाहीस? मी आता काय करू?"

देवा! इन्सुकबाईच्या जिभेवर सगळं तयार होतं! आंघोळ कर, चार घास खा, केस मी विंचरते, डॉक्टर शोधून ठेवलेत, उद्याच जाऊ. सगळं तयार! तिनं टेबलाची कड घट्ट धरली. म्हणाली, "मला माहीत नाही, बाळा. तुला काय वाटतं?"

पोर विचारात पडली. उत्तर शोधायला लागली, मंडळी, घरात काही हरवलं की शोधावं तशी. चेहऱ्यावर भीती आली. म्हणाली, "मला काही वाटतच नाही, आई. मला काय वाटायचं ते तूच सांगायचीस."

विठ्ठला!

मग बरी झाली का, असं विचारताय? शेवट गोड करायला मलाही आवडतं. बिदागी चांगली मिळते! पण अश्विनी म्हणते, अजून नाही. कधी कधी येते बाहेर. आई विचारते, "चहा घेतेस?" पोर उभी राहते. घ्यावा की नको, हे तिला ठरवता येत नाही. कधी चहा गार होतो आणि ती तशीच आत जाते. आई बसून असते. थांबते. सत्तावीस वर्षं थांबली नाही, आता थांबते. चूक कळली म्हणून झालेलं भरून येतं असं नाही, मंडळी. आणि अशा पोराला डॉक्टर लागतो बरं का, अंगारा नाही, तेही आजच सांगून ठेवतो.

आता मला सांगा, तुम्हाला जमेल हे थांबणं? काशीदकाकू, मुलगा लातूरला क्लासला आहे तुमचा. दिवसातून किती फोन? सांगू नका, राहू द्या. आपण करूनच बघू. आपण सगळे जरा वेळ गप्प बसू. मृदंग नाही, नाम नाही. शेजारी पोरगं बसलंय ना? त्याला काही सांगायचं नाही. काही विचारायचं नाही. ते जसं बसलंय तसं बसू द्यायचं. बसा.

...

ऐकू आलं का? त्या खांबापाशी कुणीतरी म्हणालंच — "नीट मांडी घालून बस!"

नाही ताई, मान खाली घालू नका. पोराकडं बघा. बसलं बघा ते लगेच, तुम्ही म्हणालात तसं.