मल्हारदादांनी दाबलेलं तांबडं बटण

...न्हाय न्हाय, बसा तुमी, उठू नका! सगळं सास्तूर गाव मला हसायलंय, चहाच्या टपरीवर गेलो की लोक खुर्ची सरकवून देतात, 'या या, बसा हरिबा, कसला सत्कार काढायलाव आता?' आन वरून खोखो हसतात! म्हणून म्हणलं, एकदा सगळं सांगून टाकावं. तुमीच ऐका आन तुमीच सांगा, माझं काय चुकलं?

बावीस वर्षं म्या पक्षात! लग्नाला वीस झाली, म्हंजे बायकोच्या आधी पक्ष! तारामती अजून टोमणा मारती, 'तुमचं पहिलं घर तिकडंच हाय.' असूं दे! कारण आमचे खासदार मल्हारदादा माणूसच तसा. बाकीचे पुढारी सकाळी एका पक्षात चहा पितात आन दुपारी दुसऱ्यात जेवतात, पण दादा? एक पक्ष, एक झेंडा! पक्ष म्हणला बसा, की बसले. उठा म्हणला, की उठले. मला लई अभिमान!

तर झालं काय, माझी लेक ज्ञानेश्वरी धाराशिवला कॉलेजात राज्यशास्त्र शिकती, ती सुट्टीला आली आन म्हणाली, 'अप्पा, तुमच्या दादांनी संसदेत कधी कसं मत दिलं, सगळं मोबाईलवर दिसतं.' म्या म्हणलं, दाखव की! बघतो तर काय, एकेचाळीस येळा मत दिलेलं, आन एकेचाळीस येळा पक्षासोबत! म्या छाती फुगवली. 'बघ! ह्याला म्हणतात इमान!'

तर पोरगी कशी म्हणती, 'इमान कसलं अप्पा, ह्याला व्हीप म्हणतात. पक्षाचा हुकूम निघतो, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. मग माणूस कशाला पाठवायचा दिल्लीला? बटणावर दगड ठेवला तरी भागेल!'

दगड! आमच्या दादांना दगड! बापाच्या तोंडावर! आता तिला शिकायला म्याच पाठवलं, फी म्याच भरली... सांगा, माझं काय चुकलं?

आन नेमकं तेव्हाच दिल्लीत ते तेलाचं विधेयक आलं. बाहेरदेशाच्या खायच्या तेलाला दार सताड उघडायचं, म्हंजे आमच्या सोयाबीनचा भाव बसलाच! आमच्या शेजारी इरम्मा मावशी राहती. एकटी बाई, चार एकर सोयाबीन, सगळं सोताच्या हातानं करती. ती आली, दारात उभी राहिली, आत या म्हणलं तर आली न्हाय. 'हरिबा,' म्हणाली, 'तू दादाचा माणूस. त्याला म्हणावं, सगळ्या येळा पक्षाचं ऐकलंस, एक डाव आमचं ऐक.'

म्या फौरन फोन लावला. दादा म्हणले, 'बघू हरिबा, बघू.' आता पुढाऱ्याचं 'बघू' म्हंजे काय, ते तुमालाबी ठावं हाय आन मलाबी. पण मावशीला काय सांगितलं म्या? 'दादा बघतो म्हणलेत!' बाई कशी खुलली म्हणून सांगू...

मतदानाच्या दिवशी म्या दाढी करायलो होतो. अर्ध्या गालाला साबण. आन आतनं ज्ञानेश्वरी किंचाळली, 'अप्पा! बेचाळिसावं मत! विरोधात! दादांनी विरोधात मत दिलं!'

अहो, काय सांगू! वस्तरा तसाच टाकला, साबण तसाच, अनवाणी धावलो चौकात! 'दादांनी पक्षाचा हुकूम मोडला! आपल्यासाठी मोडला!' माणसं घरातनं बाहेर यायलीत, कुणी हलगी काढली, कुणी फटाके आणले, इरम्मा मावशीनं माझ्या तोंडावरनं हात फिरवून कडाकडा बोटं मोडली, तिच्या हाताला साबण लागला तरी तिला पत्ता न्हाय! आन ज्ञानेश्वरी, जी दगड म्हणत होती, ती म्हणती, 'सॉरी अप्पा.' बावीस वर्षांचं सार्थक झालं की राव!

रविवारी सत्कार ठरवला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं स्टेज, फेटे, आन हे एवढं मोठं बॅनर, 'पक्षापेक्षा माती मोठी!' मजकूर माझा! दादांचा फोन दोन दिवस बंद, पण त्यांच्या पीएनं सांगितलं, येतायत. आता असा माणूस गावात यायलाय, आन आपण गप बसायचं? सांगा, माझं काय चुकलं?

म्या नळदुर्गापर्यंत सामोरा गेलो. दादांची गाडी धाब्यापाशी थांबली, दार उघडलं, आन दादांनी मला दंडाला धरून आत वढलं! काच वर. 'गाढवा! काय करून ठेवलंस?'

'सत्कार, दादा!'

'अरे कसला सत्कार! चुकून दाबलं मी ते!'

'आं?'

'शेजारच्या खासदारानं वेलदोडा पुढं केला. मी डाव्या हातानं घेतला, मान तिकडं, उजवं बोट हिरव्याऐवजी तांबड्यावर, विरोधाच्या बटणावर पडलं! लगेच चिठ्ठी देऊन दुरुस्ती करून घेतली. माझं मत पक्षासोबतच हाय!'

'मंग मोबाईलवर...'

'पहिला आकडा दिसला असंल! सुधारलेला मागनं येतो!'

वेलदोडा! अहो, सुपारी असती तरी म्या समजलो असतो, वेलदोडा!  म्हणलं, 'दादा, इरम्मा मावशी वाट बघायलीय, तिला काय सांगू?' दादा खिडकीतनं बाहेर बघत म्हणले, 'गर्दी तू जमवलीस. सांगबी तूच.'

गाडी सास्तुरात शिरली. आन गावात हलग्या कडाडायल्यात, पोरं झाडावर, बाया गच्चीवर! स्टेजवर चढलो. माईक हातात. सांगू का नको, सांगू का नको... आन तेवढ्यात इरम्मा मावशी शिडी चढून वर आली. दादांच्या खांद्यावर शाल टाकली, आन त्यांचा हात धरून म्हणाली, 'लेकरा, एवढ्या लोकांत तू एकटा आमचा निघालास. भ्याला न्हाईस का रं?'

 दादा तिच्याकडं बघायलेत.  मंग माझ्या हातातला माईक घेतला. 'भ्यालो मावशी. लई भ्यालो. पण बटण दाबताना तुमची आठवण झाली!'

अहो, काय टाळ्या! काय शिट्ट्या! आन खरं सांगू? माझ्या डोळ्याला पाणी! मलाबी खरं वाटलं! वेलदोडा म्या पार विसरलो!

पण दोनशे मोबाईल विसरतात व्हय? सांजच्याला व्हिडिओ दिल्लीत! सोमवारी सकाळी दादा टीव्हीवर, चेहरा धुतल्यासारखा कोरा. 'मी शिस्तीचा कार्यकर्ता आहे. माझं मत पक्षासोबतच आहे. काही स्थानिक मंडळींनी दिशाभूल करून कार्यक्रम घेतला.'

स्थानिक मंडळी म्हंजे... म्या!

म्या मावशीकडं गेलो. ती सोयाबीन चाळत बसलेली. सगळं सांगितलं, वेलदोड्यासकट. म्हणलं, 'मावशी, मला गाडीतच कळलं होतं.' ती चाळण हलवायची थांबली. 'त्याचं बोट चुकलं, हरिबा, ते कळलं. तुझी जीभ कशानं चुकली रं?'

 खाली बसलो, चाळण घेतली आन तिचं दोन पोती सोयाबीन चाळून दिलं. ती न्हाय म्हणली न्हाय, पण चहाबी इचारला न्हाय. तवापासनं म्या कुणाला 'माझं काय चुकलं' इचारतो ना, ते निसतं सवयीनं.

आन परवा पोस्टमन आला. पक्षाचं पत्र, शिक्क्यासकट. पक्षविरोधी कारवाया केल्याबद्दल सहा वर्षांसाठी हकालपट्टी! दादांची न्हाय हो, दादा हायेत तिथंच हायेत. माझी! खाली सही कुणाची? जिल्हा शिस्तपालन समितीचे अध्यक्ष, मल्हारदादा! पक्षाच्याच खासदाराचा सत्कार केला म्हणून पक्षातनं काढलेला माणूस आख्ख्या देशात म्या एकटाच असंल!

तारामतीनं पत्र वाचलं, 'सहाच वर्षं?' म्हणाली, आन फडताळात ठेवून दिलं. म्या परत काढलं, परत वाचलं... श्रीयुत हरिबा, वडलांचं नाव, आडनाव, गाव सास्तूर, एक काना चुकलेला न्हाय. आता काय करणार, असूं द्या... माझं पुरं नाव पक्षाला ठावं हाय, हे बावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.