लाँचवरचा बाक

मुलगी : पुन्हा एकशे दोन. बाबा, ही वाऱ्याचं गणित करायची चकतीच बिघडली आहे.

आई : नाचता येईना, अंगण वाकडं.

मुलगी : आई, तू भाजी निवड ना.

आई : निवडतेच आहे. हात गुंतलेत, तोंड मोकळं आहे.

बाबा : पुस्तकात उत्तर काय दिलंय?

मुलगी : अठ्ठ्याहत्तर. विमान सरळ पूर्वेला न्यायचंय, म्हणजे नव्वद अंशावर. वारा उत्तरेकडून येतोय, तो विमानाला ढकलणार. तर वाट सुटू नये म्हणून नाक किती अंशावर धरायचं, एवढंच विचारलंय. चार वेळा सोडवलं, चारही वेळा एकशे दोन.

बाबा : लाँच काय वेगळी होती? पाणी ढकलायचं, आम्ही नाक पाण्यावर धरायचो. पलीकडचा धक्का समोर असायचा आणि मी बघायचो वरच्या अंगाला, पाणी येतं तिकडच्या पांढऱ्या भिंतीकडे. नवीन माणसाला वाटायचं, याला प्यायला कोणी दिली सकाळी सकाळी.

आई : एकाने विचारलंही होतं. माझ्याच खिडकीशी येऊन. म्हटलं, पलीकडे नाही पोचलात तर तिकिटाचे पैसे परत.

मुलगी : बाबा, तुम्हाला ते हातात होतं. मला कागदावर लिहायचंय. हवामान पास, इंजिन पास, नियमांचा पेपर पास, आणि या एका नेव्हिगेशनने नाकी नऊ आणलेत. दोनदा नापास. परवा नाही सुटला तर मुदत संपली, मग पास झालेले पेपरसुद्धा बाद. पुन्हा श्रीगणेशा.

बाबा : मग करू श्रीगणेशा.

मुलगी : मी नाही करणार. ठरवलंय मी. विमानतळावर काउंटरला जागा आहे, तिथे लागेन.

आई : काउंटरला काय झालं? मी बावीस वर्षं तिकिटं फाडली.

मुलगी : मी तसं नाही म्हटलं गं.

आई : मला माहितीय तू कसं म्हटलंस. पण खिडकीत बसायचं तर खिडकीत बसायचंय म्हणून बसावं. तोंड लपवायला नाही.

बाबा : अगं, थांब जरा. तू दुसरं गणित दाखव. हे, लाल गोल केलेलं.

मुलगी : ते मागच्या पेपरातलं. उत्तर दोनशे दहा, माझं दोनशे तीस.

बाबा : आणि जायचं होतं दोनशे वीसवर?

मुलगी : हो. पण तुम्हाला कसं कळलं?

बाबा : पहिल्यात नव्वदवर जायचं होतं. पुस्तक बारा अलीकडे, तू बारा पलीकडे. इथे पुस्तक दहा अलीकडे, तू दहा पलीकडे. तिसरं बघ, इथे मिळवायचे होते तर तू वजा केलेत. पोरी, तू नेमाने चुकतेस. आकडा दर वेळी बरोबर, बाजू दर वेळी उलटी.

मुलगी : सरही हेच म्हणतात. कळतं पण वळत नाही मला.

बाबा : विमानात असताना होतं असं?

मुलगी : कधीच नाही. वर गेलं की हात आपोआप बरोबर बाजूला जातो. सर म्हणतात, हवेत शहाणी आणि टेबलाशी खुळी.

बाबा : मग टेबलाशी करतेस काय नेमकं?

मुलगी : काही नाही. प्रश्न वाचते, डोळे मिटते, चित्र डोळ्यांसमोर आणते.

बाबा : कसलं चित्र?

मुलगी : हसाल तुम्ही.

बाबा : नाही हसत.

मुलगी : आपली लाँच. शाळेला जायची सकाळची फेरी. आपणही पूर्वेलाच जायचो ना, आणि पाणी उत्तरेकडून यायचं. वाऱ्याच्या जागी मी पाणी घेते. तेवढं एकच वाहतं चित्र आहे माझ्याकडे.

आई : इतकी वर्षं झाली पूल होऊन.

मुलगी : मला अजून इंजिनाचा वास येतो. सुटताना आधी खोकायचं ते दोनदा, मग तुम्ही त्याच्यावर हळूच थाप मारायचात.

बाबा : थापेशिवाय चालू व्हायचंच नाही. भंगारवाल्यालाही सांगितलं मी, बाबा रे, थाप मारावी लागते. तो म्हणाला, आता कशाला. बरोबरच होतं त्याचं. हा एवढा बाक मागून घेतला त्याच्याकडून.

आई : आणि चार दिवस जेवला नव्हतात धड, ते सांगा.

बाबा : दोन दिवस. बरं, ऊठ गं. खुर्ची सोड. बाकावर बस.

मुलगी : आता कशाला?

बाबा : बस तर. लाँचवर बसायचीस तशी. ही खिडकी म्हणजे पलीकडचा काठ, तुझी शाळा. मी इथे मागे, सुकाण्याशी. आई माझ्या पाठीमागे, धक्क्यावर.

आई : मला उठवू नका, मांडीत भाजी आहे.

(मुलगी बाकावर बसते. पाठ खिडकीकडे, तोंड बाबांकडे.)

बाबा : डोळे मीट. सुटली लाँच. पाणी कुठून येतंय? हात कर.

मुलगी : इकडून. उजवीकडून.

बाबा : मग नाक कुठे वळवशील?

मुलगी : पाणी उजवीकडून, तर उजवीकडे. उजवीकडे म्हणजे मिळवायचे. नव्वद आणि बारा, एकशे दोन. तेच येणार ना बाबा!

बाबा : आता डोळे उघड आणि मला सांग, लाँच कुणीकडे चाललीय.

मुलगी : माझ्या... माझ्या पाठीमागे.

बाबा : हं.

मुलगी : मी उलटी बसलेय.

बाबा : पहिलीपासून दहावीपर्यंत उलटीच बसलीस. सगळी पोरं नाकाशी गर्दी करायची, आणि ही एकटी माझ्याकडे तोंड करून. मला वाटायचं, बापावर फार माया.

मुलगी : सांगितलं का नाही कधी?

बाबा : काय सांगायचं? मला बरं वाटायचं.

आई : वळ आता. वळून बस आणि कर ते गणित. मलाही बघू दे.

मुलगी : पूर्वेला तोंड. पाणी... वारा डावीकडून. नाक डावीकडे. नव्वदमधून बारा गेले, अठ्ठ्याहत्तर. थांबा, दुसरं. दोनशे वीस, वारा डावीकडून, दहा वजा. दोनशे दहा. आलं, बाबा. तिसरंही येणार, मला दिसतंय ते.

बाबा : परवा त्या खोलीत डोळे मिटलेस तर आधी वळून बस. मग पाणी बघ.

मुलगी : बसेन. पण बाबा, एक खरं सांगू? रागावणार नाही ना?

बाबा : माझ्यावर माया नव्हती, हेच ना? माहितीय मला. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघायचीस.

आई : काय होतं पलीकडे बघण्यासारखं? पत्र्याची खिडकी आणि रांग.

मुलगी : तू होतीस.

आई : काहीतरीच. मला कामं होती. आणि परवाचंही आत्ताच सांगून ठेवते, स्टँडवर येईन, पण तुझी बस हलली की मी घरी निघाले. उगीच मागच्या काचेतून बघत बसू नकोस.

मुलगी : तेव्हाही रोज हेच म्हणायचीस.

आई : मग? जायचेच मी. लाँच सुटली की खिडकीत.

मुलगी : आम्ही पलीकडे लागेपर्यंत तू धक्क्यावर उभी असायचीस, आई. मी उलटी बसले होते ना.