कप तसाच राहू दे

आदरणीय अध्यक्षा वैदेहीताई, व्यासपीठावर विराजमान असलेले आजचे प्रमुख पाहुणे डॉक्टर नरेंद्र, समोर पहिल्या रांगेत बसलेली सत्कारमूर्ती संघमित्रा गजभिये, तिला निरोप द्यायला खास नागपूरहून आलेल्या तिच्या मातोश्री, आणि अ‍ॅशबर्नच्या या शाळेच्या कॅफेटेरियात फक्त पंचेचाळीस मिनिटं उशिरा, म्हणजे आपल्या मंडळाच्या मानाने अगदी वेळेवर, जमलेल्या बंधुभगिनींनो,

मी सुमंत पळसुले. मंडळातल्या मुलांचा सुमंतकाका. वॉशिंग्टनमधल्या ज्या संस्थेत संघमित्रा काम करते, तिथे मी सव्वीस वर्षं आहे. युद्धात मोडलेल्या देशांमध्ये वीज पुन्हा उभी करायची, हे आमचं काम. संघमित्रा माझ्याच टीममध्ये आठ वर्षांपूर्वी आली. येत्या सोमवारी ती दमास्कसला जाते आहे, तिथल्या आमच्या नव्या ऑफिसची प्रमुख म्हणून. ही फार मोठी, अभिमानाची गोष्ट आहे. टाळ्या वाजवा. मीही वाजवतो.

उत्तरा, आज चहाचं तुझ्याकडे आहे, मान्य, पण राहू दे गं माझ्यासमोरचा तो कप. असू दे तिथेच. थँक यू.

तर काल गाडीत मी या भाषणाची प्रॅक्टिस करत होतो. शेजारी आमची नात अनया. गौरवाची विशेषणं दहाएक तरी झाली असतील. तिने कानातून ते इअरफोन काढले आणि म्हणाली, "आजोबा, यू आर सो जेलस." मी म्हटलं, बाळा, असं नसतं, याला कौतुक म्हणतात. ती म्हणाली, "नो, धिस इज जेलस." मागे बसलेली आमची कांचन खिडकीबाहेर बघायला लागली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती कधी खिडकीबाहेर बघते, हे मला पाठ आहे.

म्हणून ती विशेषणं मी घरीच ठेवून आलो. सरळ सांगतो. ती दमास्कसची खुर्ची मला हवी होती. रिटायर व्हायच्या आधीची माझी शेवटची दोन वर्षं मी तिथे मनात केव्हाच काढली होती. सूटकेस कुठली न्यायची तेही ठरलं होतं. आणि ती खुर्ची या मुलीला मिळाली. मला हेवा वाटतो का? अहो, नुसता वाटत नाही, मी त्याने पोळलोय. हसू नका, डॉक्टर.

तो चटका कसा लागला ते सांगतो, पाच मिनिटं द्या. वैदेहीताई, चिठ्ठी पाठवू नका, चिठ्ठीचा विषय पुढे येणारच आहे.

सीरिया आणि जॉर्डन हे शेजारी. मंत्र्यांनी गळाभेटी घेतल्या, फोटो छापून आले, की आपल्याला वाटतं शेजार पूर्ववत झाला. पण विजेची तुटलेली लाइन फोटोने जोडली जात नाही. दोन बाजूंच्या इंजिनिअरांना एका टेबलाशी बसावं लागतं. गेल्या वर्षी अशी दोन माणसं आमच्याकडे बसली होती. सीरियाकडून मारवान, जॉर्डनकडून हैसम. दोघंही साठीचे. युद्धाआधी हे दोघं आपापल्या कंट्रोल रूममधून रोज सकाळी एकमेकांना फोन करायचे. कारण दोन देशांच्या विजेचा ताल एक ठेवावा लागतो. आधी बायकामुलांची चौकशी, मग विजेची. पुढे लाइन पडली, फोनही थांबले.

मारवानचं मागणं छोटं होतं. सरहद्दीजवळच्या एका गावातलं हॉस्पिटल आणि पाण्याचे पंप यांच्यासाठी, हिवाळ्याआधी, जॉर्डनच्या बाजूने रोज आठ तास वीज. हैसम खाली बघून कागद चाळत होता. अध्यक्ष होतो मी. टेबलाच्या डोक्याशी माझी खुर्ची, समोर वेलदोड्याच्या कॉफीचा थर्मास, छोटे बिनकानाचे कप. मारवानने मागणं मांडलं, कप पुढे ठेवला आणि हात मागे घेतला.

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? पाहुण्यासमोर कॉफी गार होते आहे. आपल्याला बघवतं का? मी म्हटलं, "प्लीज, घ्या ना." नाही घेतली. मी तो कप उचलून नवा भरून दिला. तोही तसाच. मी पुन्हा बदलला. मग विचारलं, साखर चालत नाही का? चहा मागवू? बिस्किट तरी घ्या! आपला आग्रह तुम्हाला माहीतच आहे, आपण पाहुण्याला नाही म्हणायची सोय ठेवत नाही. मी 'प्या, प्या' करत गेलो आणि मारवानचा चेहरा उतरत गेला. हैसमने कागद मिटले, ब्रीफकेस उघडली.

तेवढ्यात माझ्या फाइलखाली एक चिठ्ठी आली. मराठीत, म्हणजे त्या खोलीत दुसऱ्या कुणाला वाचता येऊ नये म्हणून. 'काका, तुमची खुर्ची सोडा.'

ऑफिसात ती मला सुमंत म्हणते. काका फक्त इथे, मंडळात. त्या दिवशी तिने काका लिहिलं, म्हणून मी उठलो. फोन आल्याचं नाटक केलं आणि दाराशी जाऊन उभा राहिलो. संघमित्रा हैसमकडे गेली. अरबीत म्हणाली, वीज तुमच्या घरातून जायची आहे, तेव्हा आज यजमान तुम्ही. त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि थर्मास त्याच्या हातात दिला.

त्यांच्याकडे रीत अशी आहे की काही मोठं मागायला आलेला माणूस कॉफी समोर ठेवतो आणि पीत नाही. ज्याच्याकडे मागणं आहे, तो म्हणतो, 'कॉफी घे.' म्हणजे तुझं काम झालं. हे म्हणायचा अधिकार फक्त त्याचा. आणि इकडे मी, ना घेणारा ना देणारा, मारे आग्रह करकरून त्यांचं मागणंच संपवून टाकत होतो!

हैसमने स्वतः कप भरला. मारवानसमोर ठेवला. मग म्हणाला, "इतकी वर्षं एक फोन केला नाहीस." मारवान म्हणाला, "फोन होता. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. तुला काय सांगणार होतो, मुलगा गेला म्हणून?" हैसमला ते माहीत नव्हतं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "मारवान, कॉफी घे."

आठ तास मिळाले. त्या गावात आज पंप चालू आहेत.

आणि मी? त्या क्षणी मला आनंद व्हायला हवा होता. मी मात्र दाराशी, बंद फोन कानाला लावून, माझ्या खुर्चीकडे बघत जळत होतो. सव्वीस वर्षांत मी त्या भागात एकोणीस वेळा गेलो. एअरपोर्ट, हॉटेल, मिनिस्ट्री, एअरपोर्ट. ही मुलगी जॉर्डनमध्ये, अम्मानला, दोन वर्षं राहिली, ड्रायव्हरच्या घरच्या लग्नांना गेली, बायकांबरोबर स्वयंपाकघरात बसून भाषा शिकली. मला जे एकोणीस फेऱ्यांत दिसलं नाही, ते तिला एका कपात दिसलं.

उत्तरा, अगं पुन्हा गरम आणलास? तुझा दोष नाही, आपलं रक्तच तसं. पण आता खरंच हात लावू नकोस.

यापुढचं बोलताना मला हे पोडियम धरावं लागणार आहे. बैठकीचा अहवाल मी लिहिला. त्यात एक वाक्य आहे. 'चर्चा थांबल्याचे लक्षात येताच अध्यक्षांनी स्वतःची खुर्ची जॉर्डनच्या प्रतिनिधींना दिली.' अध्यक्ष म्हणजे मी. संघमित्राचं नाव अहवालात एकदाच आहे, हजेरीच्या यादीत. केलेल्या कामावरून कुणाचं नाव पुसलं जातं आणि कुणाचं चढतं, हे आपल्या समाजात शतकानुशतकं चालत आलंय. मी पळसुले आणि ती गजभिये आहे, हे ते वाक्य लिहिताना मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. म्हणून ती साधी चूक नव्हे.

तिने अहवाल वाचला. आठ महिने त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. दिवाळीला घरी फराळाला आली, कांचनच्या अनारशांचं कौतुक केलं. मला तिच्याकडे बघवेना. मग दमास्कसची जागा निघाली. माझा अर्ज होता, त्या अहवालासकट. पॅनेलने दोन्ही देशांना विचारलं, तुम्हाला कोण चालेल? दोन्हीकडून वेगवेगळं पत्र आलं आणि दोन्हींत एकच नाव होतं. इतकी वर्षं न बोललेले शेजारी, आणि त्यांचं एकमत झालं ते माझ्याविरुद्ध!

आणि निरोपाच्या भाषणासाठी मंडळाने तिला विचारलं, कोण बोलावं? तर ती म्हणाली, सुमंतकाका.

ही ती चिठ्ठी. पाकिटात आहे तेव्हापासून. फाडायला तीनदा काढली. काल मी अहवाल दुरुस्त करून सगळ्यांना पाठवला, मारवान आणि हैसमलाही. आज सकाळी हैसमचं उत्तर आलं. लिहितो, 'आम्हाला माहीत होतं. तुम्हाला कधी कळेल, याची वाट बघत होतो.'

संघमित्रा, मी आल्यापासून हा चहा माझ्यासमोर आहे. मी घेतलेला नाही. तुझ्याकडे मागणं आहे. मला माफ कर. हेवा मात्र आहे तसाच राहील, तो काही मी तुझ्यासाठी सोडत नाही. तू तिथून फोटो पाठवशील आणि मी इथे फोन आपटीन. पण माफी हवी आहे.

काय? माइक नाही तिच्याकडे. पुन्हा म्हण.

"काका, आधी भाषण संपवा," म्हणतेय. बरोबर आहे. लायनीत थांबायची पाळी आता माझी.

वैदेहीताई, आपण वेळ दिलात, आभारी आहे. डॉक्टर, तुमच्या भाषणाची दहा मिनिटं मी खाल्ली. आई, तुमची लेक मी आठ वर्षं जवळून पाहिली आणि पाहिलेलं लिहिलं नाही, ते आज तुमच्यासमोर सांगितलं. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल तर मोठ्या मनाने सोडून द्या. आणि जे मी जाणूनबुजून केलं, ते सोडायचं की नाही, हे ठरवणारी व्यक्ती पहिल्या रांगेत बसली आहे.

झालं. संपलं भाषण.

ऐकलंत ना सगळ्यांनी? "काका, चहा घ्या," म्हणाली.

घेतो. अगदी गारढोण झालाय. उत्तरा, नको, बदलू नकोस. हाच पितो.