टांगेवाल्या याकूबसाठी प्रार्थना

सांगा सांगा म्हणून जीव खाऊ नका, सांगतो. आमच्या चर्चमधले डॅनियल मास्तर खुनाच्या कादंबऱ्या लिहायचे. एका रविवारी प्रार्थनेला उठून म्हणाले, “टांगेवाल्या याकूबसाठी प्रार्थना करा. या आठवड्यात त्याचा खून हाय.”

याकूब म्हंजे मीच की! सगळे आमेन म्हणाले. गडबडीत मीबी म्हणालो. बायकोनं टांगा जुंपू दिला न्हाय.

मास्तरांना गाठलं. “मला मारताय कशापायी?”

“तुला न्हवं रं, कादंबरीतल्या याकूबला. त्याला मारायला हात उचलंना, म्हणून प्रार्थना.”

“मग ती लागू कुणाला पडायची? मला का त्याला?”

मास्तर डोकं खाजवत म्हणाले, “आता मलाबी कळंना बघ.”

कागदावरचा मेला, मी हाय. पण जिवंत नवऱ्यासाठी बायको आठवडाभर रडली. तिची माफी कुणी मागायची? डॅनियल मास्तरांनी!