पाचवी रेकॉर्ड

रेडिओ स्टेशनच्या बाकावर माझ्या शेजारी, नुकत्याच वारलेल्या जॅझवाल्याची बायको आणि धाकटा भाऊ त्याच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमासाठी यादी करत बसले होते.

"वहिनी, दादाच्या आवडत्या पाच रेकॉर्डी हव्यात. चार लिहिल्या."

"आणि ती गाजलेली?"

"ती नको."

"अहो भाऊजी, लोक तिच्यासाठीच रेडिओ लावतील."

"तिच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी दादा पिऊन पडला होता. त्याच्या जागी ट्रम्पेट मी वाजवलंय."

"माहितीये."

"दादा बोलला?"

"ते कशाला बोलतील! तीस वर्षं संसार केला. त्यांचा दम कुठवर पुरायचा, मला कळत नाही होय?"

"मग गप्प का बसलात?"

"तुम्ही कुठे तोंड उघडलंत? पहिल्या नंबरवर लिहा ती. यादीखाली सही मात्र तुमची करा. तेवढं तरी तुमच्या नावावर राहील."