ताज्या डांबरावर वऱ्हाड अडवल्याबाबत

मी सायरागुल ओमुरकानोवा, वय ५२ वर्षे, धंदा नोकरी (रस्त्याच्या डांबराची तपासणी), रा. कोचकोर (किर्गिझस्तान), ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगते की,

दि. १२ ऑगस्ट रोजी घाटाच्या चढणीवर दोन किलोमीटर डांबराचा वरचा थर घालून दुपारी दोनला रोलर थांबवला. तीन वाजता थर ७१ अंश गरम होता. पन्नासाखाली उतरेपर्यंत वाहन सोडत नाहीत. दुसरा रस्ता नाही.

३.१० वाजता माक्सात जुमागुलोव कोळशाचा ट्रक घेऊन आला. मी रस्त्यात स्टूल टाकून बसले. तो म्हणाला, "एजे, म्हणजे ताई, डांबर घातलंय की अंडी उबवताय?" गरम थरावरून चाळीस टन रांगत चढले तर खडी सरकते, चाकोरी पडते आणि ती पुन्हा भरून येत नाही, असं मी सांगितलं. त्याने ठाण्यात फोन केला, हे खरं आहे.

पाठोपाठ सात गाड्यांचं वऱ्हाड आलं. नवरी आयझिरेक हिला सासरी नेत होते. नवरदेवाकडचे पलीकडच्या टोकाला खोळंबले होते. नवरीचे वडील तोक्तोसुन यांनी रस्ता दगडासारखा दिसतो अशी हुज्जत घातली. मी म्हटलं, दिसतो, पण आत अजून मऊ आहे; गार झाल्यावर वरचा थर ताठच लागतो. खालच्यात मात्र डांबर जास्त, म्हणजे तो चाकाखाली वाकतो आणि परत सरळ होतो. तो ताठ राहिला तर तडा खालूनच सुटतो, वर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

ते म्हणाले, "म्हणजे वर मी, खाली माझी बायको." आधी त्यांची बायकोच हसली.

एवढा हट्ट का, असं त्यांनी विचारलं. सहा वर्षांपूर्वी याच चढणीवर थर दोन तासांत खुला केला होता. पुढच्या उन्हाळ्यात चाकोऱ्या पडल्या, त्यात पाणी साचलं. त्या पाण्यावरून घसरलेल्या गाडीचा चालक जोल्दोश माझा नवरा होता. त्याच्या मृत्यूची नोंद याच ठाण्यात आहे.

नवरी गाडीतून उतरली. "दोन किलोमीटरच ना? चालते की," म्हणाली. सगळं वऱ्हाड कडेच्या मातीवरून निघालं, तीन तारांचं कोमुझ वाजवत. माक्सातने कुणी न सांगता रुखवताच्या रजया डोक्यावर घेतल्या. नवरदेव समोरून पळत आला, खडीवर एकदा पडला, उठून पुन्हा पळाला. मधोमध गाठ पडली. तिथेच तळलेले बोरसोक आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं कुमीस वाटलं.

६.४० वाजता थर ४८ अंश झाला. पहिला ट्रक माक्सातचा सोडला. मागून पट्टी ठेवून पाहिलं, चाकाची खूण नव्हती. माक्सातने खाली उतरून रस्त्यावर हात फिरवला.

कामाच्या वेळेत मी नाचले का, असं साहेबांनी विचारलं. होय. ७.०५ ते ७.३०, नव्या रस्त्यावर, माक्सात व नवरीच्या आईसोबत नाचले. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. फक्त 'नाचले' या शब्दाआधी 'राहवलं नाही म्हणून' असं घालावं अशी मी विनंती केली, ते घातल्यावर सही करते.