पोट्टी कामाले जात नाही

— आन् घरी नाही म्हणजे काही पळून नाही गेली, साहेब. कामावर आहे. हे लिवा आधी. चहा थंड झाला तरी चालते, पण हे लिवा — माहेनूर, बिल्कीस बी मनियारनीची नात, राहणार पातूर, सकाळच्या एसटीनं अकोल्याले जाते, एमआयडीसीत पंपाच्या जळलेल्या मोटारींमध्ये तांब्याची तार भरते, आन् दिवेलागणीच्या आत परत येते. आठ महिने झाले. रोज. फोटो? फोटो काहून पाहिजे, पोट्टीच येईल थोड्या वेळात, तिचे बोटं पाहा, वार्निशनं पिवळे झाले, मेंदीबी चढत नाही त्यावर. बसा. त्या खाटेवर नका बसू, तिची दोरी ढिली आहे — इकडे बसा.

तुमच्या कागदात काय आहे ते मले वाचता येत नाही, पण मले ते पाठ आहे. माहेनूर वाचत होती रोज, मोठ्यानं, जशी भांडून राहिली कोणाशी. आमच्या इथल्या काम शिकवाच्या केंद्रात तीस पोट्ट्या शिकल्या. तीसमधल्या एकवीस कामाले लागल्या, तर पुढच्या तीस पोट्ट्यांसाठी सरकारचा पैसा येते. बरोबर? एकवीस लागल्या. मोजून एकवीस. आन् तुमच्या ऑफिसच्या यादीत वीस. एकविसावी कोण? माही नात. तिच्या नावापुढं लिवलं — कामाले जात नाही. झालं. मशिनींवर चादरी टाकल्या, केंद्राले कुलूप. आधी एखादी कमी पडली तर कोणी विचारत नव्हतं म्हणे. बंडूसर, त्या केंद्रात शिकवतात ते, इथंच बसून सांगत होते — नानी, ह्या साली वरच पैसा अडला. दिल्ली म्हणते मुंबईनं आपला वाटा आधी टाकावा, मुंबई म्हणते दिल्लीचा आल्याबिगर आमचा निघत नाही. म्या म्हणलं, सर, हे तर दोन समधी झाले — मांडव तू घाल, मंग मी जेवण देतो; नाही, तू आधी जेवण दे — आन् वरात उन्हात उभी! मंग शेवटी दोघं एकाच गोष्टीवर राजी होतात. कोणत्या? पाहुणे कमी करा. तसंच केलं ह्यांनी. ज्या केंद्राचा एक आकडा उणा, त्याचं नाव खोडा. शुक्रवारी बैठक आहे ना तुमची? हां, बंडूसर म्हणत होते. शुक्रवारच्या आत यादी सुधरली तर सुधरली.

चूक कोणाची, ते आता तुमी शोधा. कामाले जाते का विचाराचा तुमच्या ऑफिसचा फोन लागला नसेल. इथं रेंज कुठी राहते, बोलता बोलता माणूस मरून जाते मधातच — मशिनची चूक असेल, तुमच्या त्या फोनवाल्या बाईची असेल — काय म्हणता? उचलला होता? चाळीस सेकंद? बापा! हे बी लिवून ठेवता का हो तुमी?

मंग उचलला असेल कोणी. घरात माणसं काय कमी — म्हणजे, मी आन् माहेनूर दोघीच, पण शेजारची खुशी येत-जात असते — नाही, थांबा, खुशीचं नाव नका लिवू! तिनं नाही उचलला. ती तर बिचारी पुढच्या तीसमधली. तिच्या बापानं तिले सांगून ठेवलं, केंद्र उघडलं तर शीक, नाही उघडलं तर चैतात लग्न. रोज दारातून विचारते, नानी, कुलूप निघालं का? तिले काय सांगू मी? खोडा. खोडलं? दाखवा.

म्या उचलला. झालं?

त्या दिवशी पाहुणे आल्ते ना, साहेब. माहेनूरले पाहाले, म्या तिले सुट्टी घ्याले लावली होती. अकोल्याचे, पोराचं चष्म्याचं दुकान, शाहनवाज नाव. त्याची अम्मी, त्याचा मामू, आन् एक जाडी खाला — पन्नास साल बांगड्या भरल्या म्या, हात पाहिला की माप सांगते, तिले दोन-दहाची मोठी बांगडी बी पंजात अडकली असती. पोट्टी आत शरबत गाळून राहिली, तिचा फोन माह्यापाशी. वाजला. म्या दाबला, कुठी दाबला कोण जाणे, आवाज साऱ्या घरात — "माहेनूर यांच्या घरून बोलताय का? त्या सध्या नोकरीवर जातात का?" साऱ्यांचे तोंडं माह्याकडे. आन् ती खाला तर शेव खाता खाता थांबली. म्या म्हणलं, "नाही बावा. आमच्या घरच्या पोट्ट्या कामाले जात नाहीत." आन् ठेवून देल्ला.

हसू नका. मले माहीत आहे कोण म्हणलं ते. जी पातूरपासून पार हिवरखेडपर्यंत डोक्यावर टोपली घेऊन फिरली, जिनं घरोघरच्या सुना नांदताना पाहिल्या, तिच्या तोंडातून निघालं ते. पण माह्या रुबीनाचा, म्हणजे माहेनूरच्या अम्मीचा, रिश्ता आल्ता हिवरखेडचा. पोरगा सोन्यासारखा. त्याच्या बापानं दारातूनच विचारलं, ही बांगड्यावाली तीच का, लोकांच्या ओट्यावर बसून हात धरते ती? आन् गेला. पाणी बी नाही पेला. मंग रुबीनाले जिथं देल्ली तिथं देल्ली, आन् पुढं काय झालं ते नका विचारू. तीन सालाची नात माह्या घरी आली, एवढ्यात समजा. तवा त्या दिवशी मले फोनवालीचं काही ऐकूच आलं नाही, साहेब. खालाचं तोंड तेवढं दिसून राहिलं होतं.

— नाही, ऐकू आलं. आता काय लपवू. माहेनूरनं तीनदा पढवलं होतं मले — नानी, ऑफिसचा फोन येईल, मी नसली तर हो म्हणजो, कंपनीचं नाव सांगजो. नाव बी पाठ होतं. आजही आहे.

आन् पाहुण्यांचं ऐकता? चार दिवसांनी निरोप आला. पोरगी चांगली आहे म्हणे, पण आमाले कमावती पाहिजे होती, एकाच्या कमाईत आजकाल भागत नाही! घ्या. तेल बी गेलं आन् तूप बी. म्या कपाळ धरून बसली, आन् पोट्टी मले समजावते, नानी, जाऊ दे, तुले काय माहीत.

थकली मी, बावा. तिले अजून सांगतलं नाही. तिले वाटते तुमच्या ऑफिसनं फोनच केला नाही. तीन अर्ज लिवले तिनं, खाली सह्या केल्या — मला कोणताही फोन आला नाही. आन् आता तुमी म्हणता फोन उचलल्याची नोंद आहे. म्हणजे खोटी कोण ठरते? तीच ना? हां. तेच म्हणते मी. नुसतं केंद्र नाही जात, पोट्टीचा शब्द बी जाते.

असं लिवा ना, राँग नंबर लागला. नाही चालत? कोणी पाहुण्यानं उचलला — बरं, बरं. ओरडू नका, तुमची नोकरी आहे, कळते मले. आन् ह्या कागदाची नक्कल तिले बी जाते? जातेच?

...

लिवा. बिल्कीस बी. उमर सत्तरच्या वर. फोन म्या उचलला. पोट्टी कामाले जात होती, मले माहीत होतं, तरी नाही म्हणलं. काहून, ते नका लिवू. त्याचा रकाना आहे? आहे तर कोरा ठेवा. माहेनूरले फोनचं माहीत नव्हतं, हे मोठ्या अक्षरात लिवा. अंगठा कुठी? शाई नाही? बॉलपेननं रंगवता? रंगवा. दाबा जोरात, उमटला पाहिजे. उमटला?

— थांबा. चपला तिच्याच. आली. घडी करा तो कागद, ठेवा आत. नाही, तुमी नका सांगू, तुमच्या नकलेनं बी नको कळाले, मीच सांगते. उठा तुमी. राहू द्या तो चहा. उठा म्हणलं ना! शुक्रवार सांभाळा तेवढा.

ये, माहेनूर. हे ऑफिसचे साहेब, निघून राहिले. — हात मंग धू. आधी इथं बस.